जपानमध्ये राहताना कोणता नकाशा खरा मानायचा?

११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ओशिका द्वीपकल्प सुमारे ५.३ मीटर समुद्राच्या दिशेने सरकलं आणि १.२ मीटर खाली बसलं. तिथून तीनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या टोकियोचीही जमीन हलली. देशभरातले अक्षांश-रेखांश ज्या बिंदूच्या आधाराने ठरतात तो टोकियोतला आझाबुदाई इथला मूळबिंदू २७ सेंटिमीटर पूर्वेकडे गेला. उंची ज्या बिंदूपासून मोजतात तो नागाताचो इथला मूळबिंदू २४ मिलिमीटर खचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारला दोन्ही बिंदूंचे अधिकृत आकडे बदलावे लागले. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाने तर किनारा काही ठिकाणी सुमारे ४ मीटर वर उचलला. कालपर्यंत जिथे पाणी होतं तिथे दोनशे मीटरहून जास्त रुंदीची कोरडी जमीन आली आणि बंदरात होड्या टेकायला पाणी उरलं नाही.

अशा देशात राहायला गेलेल्या माणसाने ‘अचूक आणि ताजा नकाशा कुठे मिळेल?’ असं विचारलं, तर एकच नाव सांगून भागत नाही. फोनमधला नकाशा आपल्याला जेवायला कुठे जायचं ते उत्तम सांगतो. आपलं घर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, शेजारची नदी फुटली तर पाणी किती दिवस राहील, डोंगरातली पायवाट अजून शाबूत आहे का, हे सांगण्यासाठी तो बनवलेलाच नाही. जपानमध्ये ही कामं वेगवेगळे लोक करतात, आणि कोण काय मोजतं हे कळलं की परका देश निम्मा ओळखीचा होतो.

सगळ्यांच्या मुळाशी आहे कोकुदो चिरीइन, म्हणजे जपानची सरकारी भूमापन संस्था. आपल्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’चं तिथलं भावंडच. मुख्यालय त्सुकुबा शहरात. हिचं मूळ १८८८ साली लष्करात स्थापन झालेल्या भूमापन विभागात आहे. महायुद्धानंतर ते काम नागरी प्रशासनाकडे आलं आणि आजचं नाव १९६० पासूनचं. देशभर सुमारे १,३०० ठिकाणी या संस्थेचे उपग्रह-संदेश टिपणारे खांब उभे आहेत. शाळेच्या पटांगणात किंवा बागेच्या कोपऱ्यात चकचकीत पोलादी खांब दिसला तर तो बहुधा यातलाच. जमीन रोज किती सरकते ते हे खांब मोजतात.

या संस्थेचा ‘चिरीइन चिझु’ नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. नवे द्रुतगती मार्ग खुले होतात त्याच सुमारास इथे उमटतात. पण परदेशातून आलेल्या माणसासाठी त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळा आहे. नकाशावर कुठेही बोट ठेवलं की त्या जागेची उंची मीटरमध्ये दिसते. घर भाड्याने घेण्याआधी तिथला पत्ता टाकून हा एक आकडा बघा. तो उणे असू शकतो. टोकियोच्या पूर्व भागात तो अनेकदा उणेच असतो, त्याकडे पुढे येतोच.

या नकाशाच्या खुणा मराठी माणसाला चटकन आपल्याशा वाटतात, कारण बौद्ध मंदिराची खूण आहे स्वस्तिक, आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या दिशेने वळलेलं. शिंतो देवस्थानाला तोरणासारखी कमान, अग्निशमन केंद्राला जुन्या काळच्या दुबेळक्या काठीचं चित्र. २०१६ च्या सुमारास परदेशी पाहुण्यांसाठीच्या नकाशांत स्वस्तिकाऐवजी पॅगोडा दाखवावा असा प्रस्ताव आला होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. जपानी नकाशांत स्वस्तिक टिकलं, आणि मला ते मनापासून योग्य वाटतं.

जुनी प्रवासपुस्तकं किंवा ट्रेकच्या नोंदी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एप्रिल २००२ पर्यंत जपानचे अक्षांश-रेखांश स्वतःच्या जुन्या पद्धतीने मोजले जात. मग देश जागतिक पद्धतीवर आला. टोकियोजवळ या दोन पद्धतींत सुमारे ४५० मीटरचा फरक पडतो. २००२ च्या आधीच्या पुस्तकातले आकडे आजच्या फोनमध्ये टाकले तर आपण दुसऱ्याच गल्लीत पोहोचतो. उंचीचे आकडेही १ एप्रिल २०२५ पासून देशभर नव्याने ठरवले आहेत, यावेळी उपग्रहांच्या मोजणीवरून. म्हणून कुठल्याही जपानी नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं वर्ष आधी वाचायचं.

आता पत्त्याकडे वळू, कारण नवख्या माणसाची पहिली अडचण तीच असते. जपानमधल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्त्यात आधी प्रांत, मग शहर किंवा वॉर्ड, मग वस्तीचं नाव आणि त्यापुढे तीन आकडे: चोमे, बान आणि गो. समजा ‘३-५-१२’ असं लिहिलंय. म्हणजे त्या वस्तीचा तिसरा भाग, त्यातला रस्त्यांनी वेढलेला पाचवा चौकोन, आणि त्या चौकोनाच्या कडेने मोजत गेलं की बारावा टप्पा. ही पद्धत १९६२ च्या कायद्याने आली. चौकोनाची कड साधारण १० ते १५ मीटरच्या टप्प्यांत विभागतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क्रमांक देतात, आणि घराचं दार ज्या टप्प्यावर उघडतं तो त्या घराचा क्रमांक. त्यामुळे शेजारच्या दोन घरांचा क्रमांक एकच असू शकतो. नवं घर बांधताना दार मागच्या बाजूला नेलं तर पत्ताही बदलू शकतो.

जिथे हा कायदा अजून लागू केलेला नाही तिथे जमिनीच्या तुकड्याचा नोंदणी क्रमांकच पत्ता म्हणून चालतो. इथे मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही. ‘स. नं. ४५, हिस्सा ३’ अशा पत्त्यांवर आपली पत्रं वर्षानुवर्षं येतात. ४५ च्या शेजारी ४६ असेलच याची खात्री नाही आणि मूळ तुकड्याचे हिस्से पडत गेले की आकडे वाढत जातात, हे आपण पाहिलेलं असतं. जपानमध्ये नेमकं तेच होतं. घर विकत घेणाऱ्यांना तर दोन्ही क्रमांक सांभाळावे लागतात: टपालासाठी राहण्याचा, खरेदीखतासाठी जमिनीचा. हे दोन्ही एकमेकांवर छापलेला ‘ब्लू मॅप’ नावाचा नकाशा मिळतो, आणि व्यवहाराआधी तो बघणं आवश्यकच आहे. क्योतो शहराची तऱ्हा निराळी. तिथे जवळच्या दोन रस्त्यांचा छेद सांगून ‘उत्तरेला वर’ किंवा ‘दक्षिणेला खाली’ असा पत्ता लिहितात, आणि फोनमधले नकाशे त्यावर अडखळतात.

पत्ता शोधताना तो रोमन अक्षरांत टाइप करू नका. एकाच वस्तीचं नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. घरमालकाने किंवा कार्यालयाने जपानी लिपीत दिलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवा. तो नसेल तर सात आकडी पिनकोड टाका. तो वस्तीपर्यंत नेऊन सोडतो, पुढे तीन आकडे पुरतात. रस्त्यावर उतरल्यावर विजेच्या खांबांवरच्या आणि भिंतींवरच्या छोट्या पाट्या बघा. त्यावर वस्तीचं नाव, चोमे आणि बान लिहिलेलं असतं. तरीही अडलात तर कोबान, म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी. तिथे वस्तीचा मोठ्या प्रमाणातला नकाशा असतो आणि पत्ता शोधून देणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम आहे, संकोच करू नये. स्टेशनबाहेरच्या नकाशाच्या फलकाबाबत मात्र सावध राहा. अनेक फलकांवर वरची बाजू म्हणजे उत्तर नसते. फलकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर समोर जी दिशा असते, ती वर दाखवलेली असते. आपल्याला शाळेपासून ‘वर उत्तर’ शिकवलेलं असल्यामुळे पाय सरळ उलट्या दिशेला वळतात. फलकावर उत्तरेचा बाण शोधायचा आणि मगच निघायचं.

घराघरापर्यंत अचूक नकाशा हवा असेल तर ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत, दारावरची पाटी वाचत केलं गेलं आहे. झेनरिन ही कंपनी १९४८ साली बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात सुरू झाली आणि आज तिचं मुख्यालय किताक्यूशूला आहे. तिच्या ‘जूताकु चिझु’त, म्हणजे घरांच्या नकाशात, प्रत्येक इमारत आणि बऱ्याच ठिकाणी राहणाऱ्याचं आडनावही असतं. शहरी भागातले नकाशे दरवर्षी नव्याने पाहणी करून काढतात. हे जाडजूड ग्रंथ महाग असतात, पण वॉर्डाच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून बघता येतात. जुन्या वर्षांचे खंडही तिथे असतात, त्यामुळे आपल्या इमारतीच्या जागी आधी कारखाना होता की तळं, हेही कळतं.

फोनमधल्या नकाशामागे कोणाची पाहणी आहे हे बदलत राहतं, आणि त्याचा परिणाम आपल्या पायांना जाणवतो. मार्च २०१९ मध्ये गूगलने जपानमधल्या नकाशाची पायाभूत माहिती बदलली आणि झेनरिनच्या माहितीवरचं अवलंबित्व कमी करून स्वतःच्या माहितीवर भर दिला. पहिल्या काही दिवसांत लोकांनी दाखवून दिलं की काही गल्ल्या गायब झाल्या आहेत आणि काही ठिकाणी खाजगी पार्किंगची जागा रस्ता म्हणून दिसतेय. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. पण तेव्हापासून जपानमध्ये मी दोन नकाशे जवळ ठेवतो: एक गूगलचा, एक याहू जपान किंवा नॅव्हिटाइमसारखा तिथला. दोघांचं एकमत नसेल तिथे उपग्रहचित्र बघतो.

तिसरा पर्याय ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक काढतात. मला तो आवडतो कारण यात प्रत्येक रेषेचा इतिहास उघड असतो: कोणी काढली, कुठल्या दिवशी बदलली. ताजेपणाची अशी खात्री इतर कुठला नकाशा सहसा देत नाही. तुमच्या गल्लीतला जिना राहिला असेल तर तुम्ही स्वतः तो घालू शकता. ठिकाणांना मराठी नाव जोडण्याचीही सोय त्यात आहे.

डोंगरांचं थोडक्यात सांगतो, कारण सह्याद्रीत फिरलेली मंडळी जपानमध्ये गेली की पहिल्याच उन्हाळ्यात डोंगराकडे वळतात. सरकारी नकाशात उंचीच्या रेषा उत्तम असतात, पण पायवाटा जुन्या असू शकतात. २०१७ च्या अखेरीस भूमापन संस्थेने गिर्यारोहकांच्या यामारेको आणि यामाप या सेवांशी करार केला आणि चालणाऱ्यांच्या जीपीएस नोंदींवरून पायवाटा सुधारायला घेतल्या. म्हणून वाटेसाठी यामाप, उतारासाठी सरकारी नकाशा, आणि बॅटरी संपेल म्हणून दरवर्षी नवी आवृत्ती निघणारा कागदी ‘यामा तो कोगेन चिझु’.

जपानऐवजी शेजारच्या देशात असाल तर गणित बदलतं. दक्षिण कोरियाने मोठ्या प्रमाणातली नकाशाची माहिती देशाबाहेर नेण्याची गूगलची विनंती २००७ आणि २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून नाकारली. म्हणून तिथले लोक नेव्हर आणि काकाओचे नकाशे वापरतात. चीनमध्ये कायद्यानेच नकाशाचे अक्षांश-रेखांश मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेले असतात. तिथल्या गाओदे किंवा बायदूच्या नकाशात सगळंच एकसारखं सरकवलेलं असल्यामुळे ते बरोबर चालतात. बाहेरच्या जीपीएस यंत्रातला बिंदू त्यावर ठेवला की तो नदीत पडतो.

आता पाण्याचा नकाशा. माझ्या मते परदेशातल्या घरासाठी याहून महत्त्वाचा नकाशा नाही.

महाराष्ट्रात नदीकाठी घर घेताना आपण निळी आणि लाल पूररेषा विचारतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ नंतर सांगली-कोल्हापुरात या रेषा घराघरात चर्चेला आल्या. जपानमध्ये २०१५ साली कायदा बदलला आणि पुराचे नकाशे शक्य तितक्या मोठ्या पावसाच्या हिशेबाने, म्हणजे साधारण हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजाने काढायला सुरुवात झाली. त्यामुळे नव्या नकाशात रंगवलेला भाग जुन्यापेक्षा खूपच मोठा दिसतो. घरात पडलेला नकाशा २०१५ च्या आधीचा असेल तर तो बाजूला ठेवा.

हा नकाशा खरा ठरतो का? जुलै २०१८ मध्ये ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहराच्या माबी भागात नदीचे बांध फुटले. जिथे पाणी शिरलं तो भाग आणि पालिकेने आधी वाटलेल्या नकाशातला रंगवलेला भाग जवळजवळ जुळत होता. तरी माबीत ५१ माणसं गेली. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. नकाशा तयार होता, लोकांना वाटलेलाही होता.

त्याच पुरात हिरोशिमाजवळच्या साका गावातही माणसं दगावली. तिथे १९०७ च्या पुराची आठवण सांगणारा दगडी स्तंभ उभा होता. पण त्यावर काय लिहिलंय ते गावाच्या रोजच्या बोलण्यात उरलं नव्हतं. त्यानंतर २०१९ मध्ये भूमापन संस्थेने अशा स्मारकांसाठी नकाशात वेगळी खूण आणली. तुमच्या वस्तीजवळ ती दिसली तर चालत जा आणि फोनच्या भाषांतराने मजकूर वाचा. पाणी कुठवर आलं होतं ते बऱ्याचदा त्यावर कोरलेलं असतं.

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, विशेषतः निशि-कासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, मराठी कुटुंबंही त्यात आली. हा वॉर्ड आराकावा आणि एदोगावा या नद्यांच्या मुखाशी, टोकियोच्या आखाताला लागून आहे. विसाव्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे ही जमीन खचली आणि आज वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध आणि पंप आहेत म्हणून रोजचं जगणं सुरळीत चालतं. २०१८ मध्ये एदोगावा धरून पाच वॉर्डांनी मिळून मोठ्या पुराचा एकत्र नकाशा काढला तेव्हा त्या पट्ट्यात सुमारे २५ लाख लोक राहतात हे ठळकपणे समोर आलं. मे २०१९ मध्ये एदोगावाने घरोघरी दिलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच वॉर्डावर लिहिलं होतं: ‘इथे थांबून चालणार नाही’. त्यावर वादही झाला. मला वाटतं, कुठल्याही पालिकेने नागरिकांशी इतकं सरळ बोलायला हवं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पुराच्या नकाशात पाण्याची खोली आणि पाणी टिकण्याचा काळ हे दोन वेगळे थर असतात. आठव्या मजल्यावर राहणारा खोलीचा थर बघून निर्धास्त होतो. एदोगावाच्या नकाशानुसार बऱ्याच भागात पाणी एक ते दोन आठवडे किंवा त्याहून जास्त राहू शकतं. तेवढे दिवस वीज नाही, लिफ्ट नाही, नळ नाही, संडास वापरता येत नाही. लहान मूल किंवा आईवडील सोबत असतील तर आधी हाच थर उघडा. भूमी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पूर, दरड, त्सुनामी, वादळी भरती असे थर एकमेकांवर टाकून बघता येतात. वॉर्डाचा छापील नकाशा वॉर्ड कार्यालयात मिळतो, आणि राहण्याची नोंद करायला जाल त्याच दिवशी तो मागून घ्यावा. अनेक पालिकांकडे इंग्रजी आवृत्ती असते.

ऑगस्ट २०२० पासून घर भाड्याने किंवा विकत देताना दलालाने पुराच्या नकाशात त्या घराची जागा दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण हे बहुधा करारावर सही करायच्या बैठकीत, भरभर जपानीत वाचून दाखवतात. तोवर सामान बांधलेलं असतं. घर पाहायला जाल तेव्हाच मागा.

निवाऱ्याच्या पाटीकडेही बारकाईने बघायला हवं. जपानमध्ये दोन प्रकारच्या जागा आहेत: जीव वाचवायला तातडीने पळायची जागा, आणि नंतर राहायची जागा. २०१३ च्या कायदाबदलापासून पळायची जागा आपत्तीनुसार वेगळी ठरवतात. भूकंपाला चालणारं मैदान पुराला चालेलच असं नाही. पाटीवर प्रत्येक आपत्तीच्या चित्रापुढे गोल किंवा फुली असते. पुराच्या चित्रापुढे फुली असलेल्या शाळेकडे पावसात मुलांना घेऊन जायचं नाही.

कोरड्या दिवशी ही पाटी शोधा आणि घरापासून तिथवर सगळ्यांनी एकदा चालत जा. वाटेत रेल्वेखालून जाणारा भुयारी रस्ता लागतो का ते बघा, कारण पाणी आधी तिथे भरतं. लागत असेल तर छापील नकाशावर तिथे पेनाने फुली मारा आणि दुसरी वाट आखा. फोन चालू नसला तरी दिसेल असा तो नकाशा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.